बटाट्याची साल, केळीचे पान आणि वीस मिनिटे पाणी

"भाजल्यावर काय लावावे?" हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. वाशीममधल्या एका शाळेत आम्ही तो सातवीच्या मुलांना विचारला, तेव्हा बघता बघता फळा भरला. टूथपेस्ट, शाई, हळद, गोडेतेल, तूप, कोरफड, चुन्याची निवळी, कच्चा बटाटा, मध, बर्फ. एकाने चुलीतली राख सांगितली. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, पाणी तर अजिबात लावायचं नाही. फोड येतात." वर्गातल्या बहुतेकांनी माना डोलावल्या.

या यादीकडे नुसते हसून चालणार नाही. त्यातल्या दोन पदार्थांवर, बटाट्यावर आणि मधावर, आपल्याच महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत संशोधन झाले आहे. तिसरा पदार्थ, केळीचे पान, मुलांना सुचला नाही, पण त्यावरही झाले आहे. हे संशोधन जगाच्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले. आणि वर्गाने जे एकमताने नाकारले, त्या पाण्याच्या बाजूचा पुरावा या सगळ्यांपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. म्हणजे विज्ञानाने एक सांगितले आणि आपल्यापर्यंत भलतेच पोचले. असे का झाले, त्या संशोधनाने नेमके काय सिद्ध केले आणि कुठे ते अपुरे पडले, याची तपासणी या लेखात करायची आहे.

प्रश्न छोटा नाही. भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लहान मुले आगीपेक्षा जास्त करून गरम पाणी, चहा, दूध, वरण अशा पातळ पदार्थांनी पोळतात. चूल जमिनीवर आणि रांगते मूलही जमिनीवर, अशी घरे आपल्या जिल्ह्यात आजही पुष्कळ आहेत.

आधी थोडे कातडीविषयी

उष्णतेने कातडीचे नुकसान दोन गोष्टींवर अवलंबून असते: तापमान आणि वेळ. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४७ साली हे मोजून दाखवले. ४४ अंश सेल्सिअसच्या पाण्याने कातडी भाजायला सुमारे ६ तास लागतात. ६० अंशांना ५ सेकंद पुरतात, आणि ७० अंशांना एक सेकंदही लागत नाही. हे आकडे मोठ्या माणसांचे. मुलांची कातडी पातळ असते, त्यामुळे त्यांना याहून कमी वेळ पुरतो. नुकत्याच उतरवलेल्या वरणाचे तापमान ९० अंशांच्या आसपास असते हे लक्षात घेतले, की मूल 'पटकन बाजूला केले' तरी का पोळते ते कळते.

भाजण्याची खोली तीन प्रकारची. वरवर भाजले तर कातडी लाल होते आणि काही दिवसांत बरी होते. अर्धवट खोलीपर्यंत भाजले तर फोड येतात आणि खूप दुखते. पण केसांच्या मुळांच्या आणि घामाच्या ग्रंथींच्या अस्तरातल्या पेशी खोलवर जिवंत राहिलेल्या असतात. त्या वाढत वर येतात आणि जखम झाकतात. पूर्ण खोलीपर्यंत भाजले तर या पेशीही मरतात. मग तिथे नवी कातडी आपोआप येत नाही. दुसरीकडची कातडी काढून तिथे बसवावी लागते. याला त्वचारोपण म्हणतात.

या वर्गीकरणातून एक गोष्ट निघते आणि ती पुढच्या सगळ्या चर्चेत आपल्याला लागणार आहे. अर्धवट खोलीची जखम बहुधा आपली आपण भरते. तिच्यावर काहीही लावले तरी 'गुण' येतोच. म्हणून "आम्ही अमुक लावले आणि बरे झाले" हा पुरावा होत नाही. विचारायचे ते असे, की लावल्यामुळे लवकर बरे झाले का, वेदना कमी झाल्या का, व्रण कमी राहिला का? आणि हे सारे कशाच्या तुलनेत?

परळची साल

१९८०च्या दशकात मुंबईत परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी आणि त्यांचे सहकारी भाजलेल्या मुलांवर उपचार करत होते. श्रीमंत देशांत अशा जखमांसाठी निरनिराळी तयार आवरणे मिळू लागली होती. ती इथल्या गरीब पालकांना परवडणारी नव्हती. रोजची पट्टी म्हणजे जाळीदार कापड. ते जखमेला चिकटते, बदलताना नवी आलेली कातडी ओढून काढते, आणि मूल किंचाळते. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या साली कापडी पट्टीवर बसवल्या, ती पट्टी निर्जंतुक केली आणि स्वच्छ केलेल्या जखमेवर लावली. त्यांचा पहिला अहवाल १९८५ साली 'बर्न्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला.

१९९० साली याच गटाने पुढचा अभ्यास छापला. त्याची आखणी शिक्षकांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. एकाच रुग्णाच्या जखमेचा काही भाग सालीच्या पट्टीने झाकला आणि काही भाग साध्या कापडाने. म्हणजे वय, पोषण, रक्त, निगा हे सगळे दोन्ही बाजूंना सारखेच राहिले. फरक उरला तो फक्त पट्टीचा. 'बाकी सर्व स्थिर ठेवून एकच घटक बदला' हे आपण प्रयोगवहीत लिहून घेतो. त्याचे इतके चोख उदाहरण क्वचितच सापडेल.

निष्कर्ष काय निघाला? सालीखाली जखम सुकली नाही, पृष्ठभागाजवळच्या पेशी तगल्या आणि नवी कातडी लवकर आली. जंतूंच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजूंत फरक दिसला नाही. हे दुसरे वाक्य फार महत्त्वाचे आहे. संशोधकांनी ते लपवले नाही. साल जंतू मारत नव्हती. तिचे काम झाकण्याचे होते: ओल धरून ठेवायची आणि चिकटायचे नाही.

याला शास्त्रीय पाया आधीच होता. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवले होते, की प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याखाली ओली राहिलेली जखम उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने नव्या कातडीने झाकली जाते. 'जखम हवेवर सुकू द्यावी' ही जुनी समजूत तिथे मोडली. कारण सोपे आहे. नव्या पेशींना सरकत सरकत जखम ओलांडायची असते. वर कोरडी खपली असली, की त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते.

आता पाहा, लोकांपर्यंत काय पोचले. 'बटाट्यात भाजल्यावरचे औषध असते.' मूळ प्रयोगात बटाटा उकडलेला होता, पट्टी निर्जंतुक केलेली होती, जखम आधी धुतलेली होती आणि समोर डॉक्टर होते. घरी पोचेपर्यंत या चारही गोष्टी गळाल्या आणि उरला कच्च्या बटाट्याचा मातकट कीस. संशोधकांचा यात दोष नाही. पण त्यांचा खरा शोध 'आवरणाचे काम काय' हा होता आणि लोकांनी उचलले ते भाजीचे नाव, हे आपल्या विज्ञानप्रसाराचे अपयश आहे.

शीवचे पान

सालीच्या पट्टीत एक अडचण होती. साली काढा, उकडा, पट्टीवर एकेक बसवा. माणसांचा वेळ फार जातो. मुंबईतच शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि डॉ. आकोलेकर यांनी केळीचे पान वापरून पाहिले. पान मोठे, गुळगुळीत, मेणचट आणि पाणी न सोडणारे. आपण त्यावर जेवतो ते याच गुणांमुळे. निर्जंतुक करून ते जखमेवर ठेवले तर चिकटत नाही.

२००३ साली त्यांचे दोन अहवाल 'बर्न्स'मध्ये आले. एकात अर्धवट खोलीच्या भाजण्यावर केळीच्या पानाची तुलना बटाट्याच्या सालीच्या पट्टीशी केली होती. संरक्षण, जखम भरणे, रुग्णाचा आराम या सर्व बाबतींत दोन्ही सारख्याच ठरल्या. फरक होता खर्चात. सालीची पट्टी पानापेक्षा ११ पट महाग पडत होती. दुसऱ्या अहवालात त्वचारोपणासाठी जिथून कातडी काढली त्या जागेवर पानाची तुलना व्हॅसलीन लावलेल्या जाळीदार पट्टीशी होती. तिथे पानाने वेदना कमी झाल्या.

आम्हाला हे काम आवडते ते त्यातल्या प्रामाणिक उद्दिष्टामुळे. 'पान चमत्कार करते' असे त्यात कुठे नाही. 'सारखेच काम, कमी खर्चात' एवढाच दावा आहे, आणि तो मोजून केला आहे. आपल्याकडे स्वस्त उपायाला कमी दर्जाचा मानतात, नाहीतर त्याला प्राचीन ज्ञानाचा मुलामा देतात. इथे दोन्ही केलेले नाही.

एक त्रुटी मात्र नोंदवायला हवी. असे अभ्यास थोड्या रुग्णांवर झाले. दोन उपचार 'सारखे' आहेत असे म्हणायला 'वेगळे' आहेत असे म्हणण्यापेक्षा जास्त रुग्ण लागतात. दहा मुलांच्या दोन रांगांची सरासरी उंची सारखी निघाली, म्हणून दोन गावांतल्या सगळ्या मुलांची उंची सारखी ठरत नाही. लहान फरक लहान गटांत दिसतच नाही.

सोलापूरचा मध

तिसरी गोष्ट सोलापूरची. तिथल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली मधावरचा अभ्यास ब्रिटनच्या शल्यशास्त्राच्या नियतकालिकात छापला. १०४ रुग्ण, निम्म्यांना मध आणि निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायाझिन हे पांढरे मलम. ते १९६८पासून वापरात होते आणि जगभर भाजण्याचे ठरलेले औषध मानले जाई. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटातल्या फक्त ७ टक्के.

त्यानंतर त्यांनी एकामागून एक तुलना केल्या. १९९३ साली कृत्रिम पारदर्शक पापुद्र्याशी, १९९४ साली गर्भवेष्टनाच्या आवरणाशी, आणि १९९६ साली आपल्या बटाट्याच्या सालीशी. १०० रुग्णांच्या या शेवटच्या चाचणीत पंधरा दिवसांत मधाच्या गटातल्या सर्व जखमा भरल्या, तर सालीच्या गटातल्या निम्म्या.

मध जंतूंना का रोखतो हे आठवी-नववीच्या मुलांना समजावता येते. त्यात सुमारे ८० टक्के साखर असते, म्हणून तो जंतूंतले पाणी ओढून घेतो. तो आम्लधर्मी असतो. शिवाय मधमाशीने मिसळलेल्या एका विकरामुळे मध पातळ झाला, की हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. म्हणजे साल आणि पान फक्त झाकतात, मध झाकतो आणि जंतूंशी लढतोही.

मग घरातली मधाची बाटली उघडावी का? नाही. रुग्णालयांसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण मधात घातक जीवाणूंचे सुप्त बीजाणू असू शकतात. त्यासाठीच वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये असे डॉक्टर बजावतात. शिवाय २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातल्या मधाची तपासणी करवली, तेव्हा अनेक नमुन्यांत साखरेच्या पाकाची भेसळ आढळली. सोलापूरच्या चाचणीतला मध आणि आपल्या फडताळातला 'मध' यांचे नाव तेवढे एक.

कोणाशी खेळून जिंकले?

शाळेचा कबड्डीचा संघ जिंकून आला, की आपण पहिल्यांदा विचारतो, "समोर कोण होते?" औषधांच्या चाचण्यांतही हाच प्रश्न विचारायचा.

मधाने पांढऱ्या मलमाला हरवले. पण ते मलम किती बलवान होते? भाजण्यावरच्या आवरणांचे सगळे अभ्यास एकत्र तपासून कोक्रेन या संस्थेने २०१३ साली आढावा घेतला. त्यात दिसले, की हे मलम लावलेल्या जखमा इतर नव्या आवरणांखालच्या जखमांपेक्षा सातत्याने उशिरा भरतात. म्हणजे मध जिंकला हे खरे, पण हरलेला खेळाडू फारसा तगडा नव्हता. साल जिंकली ती साध्या जाळीदार कापडाविरुद्ध. विंटर यांचा प्रयोग ठाऊक असेल तर कोरड्या कापडाविरुद्ध कोणतेही ओलसर, न चिकटणारे आवरण जिंकावे अशीच अपेक्षा आहे.

दुसरा मुद्दा पंचाचा. पट्टी कोणती आहे हे रुग्णालाही दिसते आणि डॉक्टरांनाही. गोळ्यांच्या चाचणीत खोटी गोळी देऊन हे झाकता येते, इथे ते अवघड. मग 'जखम आज भरली की उद्या' हे ठरवताना मनातला कल नकळत उतरू शकतो. अशा वेळी जखमेची छायाचित्रे काढून ती तिऱ्हाइताला दाखवावीत, हा चांगला उपाय आहे.

तिसरा मुद्दा पुनरावृत्तीचा. कोक्रेनच्या मधावरच्या २०१५ सालच्या आढाव्यात म्हटले आहे, की अर्धवट खोलीच्या भाजण्यात मधाने जखम नेहमीच्या आवरणांपेक्षा चार ते पाच दिवस लवकर भरते. हा निष्कर्ष ९९२ रुग्णांच्या दोन चाचण्यांवर उभा आहे. आणि या दोन्ही चाचण्या सुब्रह्मण्यम यांच्याच आहेत. याचा अर्थ त्या चुकीच्या आहेत असा नाही. पण विज्ञानात एकाच हाताने दहा वेळा केलेला प्रयोग आणि दहा हातांनी एकेकदा केलेला प्रयोग यांचे वजन सारखे नसते. सोलापूरच्या कामाला लातूर, नागपूर, अकोला इथून जोड मिळायला हवी होती.

चौथा मुद्दा मुलांच्या दृष्टीने सर्वांत मोठा. या बहुतेक चाचण्यांनी मोजले ते 'जखम भरायला लागलेले दिवस'. ते माप चुकीचे नाही. जखम तीन आठवड्यांपेक्षा जास्त रेंगाळली, की जाड, ताठ व्रण राहण्याचा धोका बराच वाढतो. पण मूल वाढत असते. हाड लांबते, व्रण मात्र त्याच्याबरोबर पुरेसा ताणला जात नाही. मग कोपर आखडते, बोटे तळव्याला चिकटतात, मान एका बाजूला ओढली जाते. मुलाच्या उपचाराची खरी परीक्षा पंधराव्या दिवशी होत नाही. दोन वर्षांनी त्याला पेन धरता येते का, खो-खोत धावता येते का, ही ती परीक्षा. ती घ्यायची तर गावोगाव पसरलेल्या रुग्णांचा माग ठेवावा लागतो. काम कष्टाचे आहे, पण त्याशिवाय उत्तर अर्धेच राहते.

इतके बोलल्यावर सुब्रह्मण्यम यांच्या एका अहवालाचा गौरवाने उल्लेख केला पाहिजे. १९९९ साली त्यांनी मध्यम भाजलेल्या रुग्णांत मधाच्या पट्टीची तुलना शस्त्रक्रियेशी केली. मेलेली कातडी लवकर तासून काढायची आणि त्यावर त्वचारोपण करायचे, ही पद्धत स्लोव्हेनियाच्या झोरा यान्झेकोविच यांनी १९७०च्या सुमारास रुळवली होती. निष्कर्ष असा निघाला, की शस्त्रक्रियाच सरस. आठ वर्षे ज्या उपायाची बाजू मांडली, तो इथे हरतो, हे त्यांनी स्वतःच छापले. वैज्ञानिक वृत्ती म्हणजे काय हे मुलांना सांगायचे असेल, तर हे उदाहरण पुरेसे आहे. खोल भाजलेल्या मुलाला साल, पान, मध यांपैकी काहीही पुरे पडत नाही. त्याला शल्यचिकित्सक लागतो. आणि स्वतःच्या अंगावर पुरेशी कातडी उरली नसेल तर मृत्यूनंतर दान केलेली कातडीही लागते. त्यासाठीची त्वचापेढी शीवच्या रुग्णालयात २००० साली सुरू झाली.

वीस मिनिटे पाणी

आता वर्गाने नाकारलेल्या उपायाकडे वळू. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड राज्यातल्या २,४९५ भाजलेल्या मुलांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. भाजल्यापासून तीन तासांच्या आत, एकूण वीस मिनिटे किंवा जास्त, वाहते गार पाणी ज्यांना मिळाले अशी मुले १,७८० होती. बाकीच्यांना कमी मिळाले किंवा मिळालेच नाही. एकूण २३६ मुलांना त्वचारोपण करावे लागले. पुरेसे पाणी मिळालेल्या मुलांत ही वेळ येण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी होती.

इथेही आपला प्रश्न सोडायचा नाही. ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नाही. ज्या घरांनी पाणी ओतले ती घरे एरवीही जास्त सावध असतील. संशोधकांनी वय, भाजण्याचे कारण यांसारखे फरक हिशेबात धरले, पण सगळेच फरक धरता येत नाहीत. मग चिठ्ठ्या का टाकल्या नाहीत? कारण निम्म्या मुलांना मुद्दाम पाणी नाकारणे माणुसकीला धरून नाही. म्हणून दुसऱ्या बाजूने पुरावा जोडावा लागतो. ब्रिस्बेनच्या संशोधकांनी बेशुद्ध केलेल्या डुकरांवर तो जोडला. तिथेही वाहत्या पाण्याने वीस मिनिटे गार केलेल्या जखमा चांगल्या भरल्या. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचलो, की विश्वास वाढतो.

पाणी करते काय? आच बाजूला झाली तरी कातडीत शिरलेली उष्णता आत मुरत राहते. पाणी ती बाहेर वाहून नेते. शिवाय सूज आणि वेदना कमी करते. फोड येतात ते भाजल्यामुळे, पाण्यामुळे नव्हे. पाणी ओतेपर्यंत ते दिसत नाहीत, नंतर दिसतात, आणि दोष पाण्यावर येतो. आधी घडले म्हणून तेच कारण, ही चूक मुलांना दाखवायला याहून चांगले उदाहरण नाही. टूथपेस्ट किंवा तूप उष्णता बाहेर काढत नाही. वर जखम किती खोल आहे ते झाकते, आणि डॉक्टरांना ते आधी खरडून काढावे लागते. आमच्या ओळखीतल्या एका घरी पंगतीच्या वेळी तीन वर्षांचे पोर वरणाच्या गंजाला धडकले. शेजारपाजारच्यांनी प्रेमाने टूथपेस्टच्या दोन नळ्या त्याच्या हातावर रिकाम्या केल्या. दवाखान्यात ती काढताना त्याने फोडलेला टाहो त्याच्या आईला आजही ऐकू येतो. पाण्याचा हंडा चार पावलांवर भरलेला होता.

वाशीमचा उन्हाळा

क्वीन्सलंडचा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा उचलता येईल का? त्या अभ्यासातले 'वाहते गार पाणी' म्हणजे नळ सोडायचा. मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातल्या एखाद्या वाडीत मे महिन्यात नळाला रोज पाणी नसते, आणि छतावरच्या टाकीतले पाणी दुपारी हात पोळेल इतके तापलेले असते.

हिशेब करून पाहू. नळातून मिनिटाला ५ लिटर पाणी येत असेल तर वीस मिनिटांत १०० लिटर जाईल. पण तांब्याने, धार तुटू न देता, मिनिटाला २ लिटर ओतले तर ४० लिटर पुरतात. म्हणजे दोन-अडीच हंडे. माठा-रांजणातले पाणी बाष्पीभवनाने गार राहिलेले असते, ते चालते. बर्फ नको, त्याने कातडीचे आणखी नुकसान होते. तेही नसेल तर ओले स्वच्छ कापड पुन्हा पुन्हा बदलत ठेवावे. वीस मिनिटे सलग जमली नाहीत तर थांबून पुन्हा ओतावे. तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो.

पण हे आपण आकडेमोड करून काढलेले उत्तर आहे, मोजलेले नव्हे. तांब्याची धार नळाइतकीच उपयोगी पडते का? परातीत झेललेले पाणी पुन्हा ओतले तर किती वेळ चालेल? उन्हाळ्यातल्या ३० अंशांच्या पाण्याने किती फरक पडतो? टंचाईच्या भागात हे प्रश्न जिवाभावाचे आहेत. महाराष्ट्रातल्या संशोधकांनी 'जखमेवर स्वस्तात काय ठेवावे' याचा कल्पकतेने शोध घेतला. पण तो रुग्णालयाच्या दारापासून सुरू झाला. दाराबाहेरची वीस मिनिटे आणि वाटेवरचे दोन तास त्यांच्या कक्षेत आले नाहीत. २०२४ साली वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी जवळचे महाविद्यालय म्हणजे सुमारे ८० किलोमीटरवरचे अकोल्याचे. इथे शिकणाऱ्या नव्या डॉक्टरांनी हे प्रश्न हाती घेतले तर परळ, शीव आणि सोलापूरच्या कामाला योग्य पुढचा टप्पा मिळेल.

वर्गात करता येईल

दोन प्रयोग आम्ही करून पाहिले. पहिला: सारख्या आकाराचे तीन गरम उकडलेले बटाटे घ्या. प्रत्येकात सालीलगत, उथळ, एकेक तापमापी खोचा. एक तसाच ठेवा, एकाला टूथपेस्ट फासा, एकावर तांब्याने माठातले पाणी ओतत राहा. दर मिनिटाला तापमान लिहा आणि आलेख काढा. पाण्याचा आलेख किती भरभर उतरतो ते मुलांना आपल्या डोळ्यांनी दिसेल.

दुसरा: स्पंजचे तीन सारखे तुकडे ओले करून वजन करा. एक उघडा ठेवा, एक जाळीदार कापडाने झाका, एक केळीच्या पानात गुंडाळा. दर तासाला वजन करा. कोणता तुकडा ओला राहतो ते पाहिले, की साल आणि पान यांनी परळला व शीवला काय काम केले ते सांगावे लागत नाही.

मग पाठ करून घ्यावे ते इतकेच. आधी पाणी, वीस मिनिटे. मूल लहान असेल किंवा बरेच भाजले असेल तर बाकीचे अंग पांघरुणात उबदार ठेवावे. बांगड्या, करगोटा, पैंजण सूज येण्याआधी काढावे. चिकटलेला कपडा ओढू नये. काहीही फासू नये. धुतलेल्या सुती कापडाने सैल झाकून दवाखान्यात न्यावे. मुलाचा पंजा, बोटांसकट, त्याच्या अंगाच्या सुमारे १ टक्का असतो. दहा पंज्यांइतके भाजले असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे, जांघ भाजली असेल, तर मोठे रुग्णालय गाठायलाच हवे.

पंधरा दिवसांनी आम्ही त्याच वर्गात तोच प्रश्न पुन्हा विचारला. मागच्या बाकावरची ती मुलगी उठून म्हणाली, "बाई, पाणी. पण आजी नाही ऐकत." पुढचा पाठ कुठे घ्यायचा ते तिने सांगून टाकले होते. पालकसभेला आता आम्ही तीन बटाटे आणि तापमाप्या घेऊन जातो.